किती वेळा विचारायचं

१२ जाने., सोम.

कॉलेज सुरू. पार्किंगमध्ये बर्फाचा ढीग, त्यात कुणाची तरी शॉपिंग कार्ट उलटी रुतलेली. वर्गात सगळे सुट्टीत काय केलं ते सांगत होते. माझी पाळी आल्यावर म्हटलं, आराम केला. प्रोफेसरबाईंना बरं वाटलं.

लॅबमध्ये संवेदना तपासायला शिकवलं. जोडीला मारिसोल, वय बावीस, मला मिस्टर डी म्हणते. आपण डोळे मिटायचे. ती पायावर कधी कापूस टेकवणार, कधी टोक. आपण सांगायचं, मऊ की टोकदार. माझी सगळी उत्तरं बरोबर. "मिस्टर डी, परफेक्ट सेन्सेशन." म्हटलं, कागदावर लिहून दे, घरी दाखवतो. घरी कुणाला, ते तिनं विचारलं नाही. चांगली मुलगी आहे.

संध्याकाळी मुक्ताचा फोन, ॲन आर्बरहून. ती तिकडे शिकते. "बाबा, आर यू ईटिंग?" खातो. "स्लीपिंग?" झोपतो. तिसरं काही तिनं विचारलं नाही, मीही नाही. लेक आणि बाप, दोघांना काम उरकल्यासारखं वाटलं. तिकडे बर्फानं बस बंद आहेत म्हणे.

१६ जाने., शुक्र.

आज मंडळातल्या एकानं परत विचारलं, या वयात हे थेरपी-बिरपीचं शिक्षण कशाला. माझ्याकडे गिऱ्हाईक बघून उत्तरं आहेत. आपल्या लोकांना: हॉस्पिटलची नोकरी, इन्शुरन्स चांगला. अमेरिकनांना: बायकोच्या आजारपणात थेरपिस्टनी फार केलं, त्याची परतफेड. लगेच डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. मुक्ताला: टाइमपास.

खरं सांगायचं तर टॅक्सीच्या गाड्या विकल्या त्या आठवड्यात एका पोरीची फाईल मागच्या सीटवर राहिली होती. ती द्यायला कॉलेजात गेलो. तिथे रांग होती. रांग दिसली की आपला माणूस उभा राहतो, कशाची ते नंतर विचारतो. खिडकीपाशी पोचलो तर बाई म्हणाली, कुठला प्रोग्रॅम? मागे भिंतीवर चित्र होतं, एक जण म्हाताऱ्याला धरून चालवतोय. म्हटलं, तो. शैला जाऊन महिनाही झाला नव्हता. पुढे सगळं आपोआप होत गेलं. ॲनाटॉमीत ए मिळाला. कऱ्हाडला मी बारावीला दोनदा बसलो होतो.

मुक्ताला ए कळवला तेव्हा तिनं तीन फुगे पाठवले.

३० जाने., शुक्र.

क्लिनिकल लागलं, म्हणजे खऱ्या पेशंटबरोबर शिकायचं. शिकागोजवळ, शॉमबर्गच्या बाहेर एक रीहॅब आहे. ऑपरेशन झालेले म्हातारे तिथे येतात, चालायला लागले की घरी जातात. सोम. ते गुरु. तिथे, शुक्रवारी कॉलेज. तिथे शिकवणारी ब्रेंडा. फोनवर बोललो. आवाजावरून सांगतो: टिप सढळ हातानं देणारी, पण पाच मिनिटं उशीर झाला तर दार आपटून उतरणारी. मागच्या सीटवरचे आवाज ऐकण्यात आयुष्य गेलं, एवढं तर कळतं.

युनिफॉर्म आणला. गडद निळा. आरशात कंपाउंडर दिसतो.

२ फेब्रु., सोम.

ब्रेंडा आवाजासारखीच. आल्या आल्या कमरेचा रुंद पट्टा हातात दिला. पेशंटला बांधायचा आणि आपण मागून धरायचा. पट्टा नाही तर चालणं नाही. दुसरा नियम, पेशंटच्या वस्तू, खाऊ, भेटी घ्यायच्या नाहीत. तिसरा, तू विद्यार्थी आहेस, दुभाषा नाहीस. पेशंटशी गप्पा हव्या त्या भाषेत मार, पण कागदावर जाणारं काही असेल तर कंपनीचा दुभाषी फोनवर येईल.

तिसरा नियम का, ते यादी बघून कळलं. एक आपलं नाव. इथे लिहीत नाही, काकू म्हणतो. मूळच्या अमरावतीच्या, वय शहात्तर, मुलाकडे राहायला आलेल्या. घरासमोर बर्फावर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं.

ब्रेंडानं दारातूनच विचारलं, आज चालू या का? काकूंनी हसून हात जोडले. "नो नो. थँक्यू. यू सिट, सिट." ब्रेंडानं मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर टाकलं, नकार. पुढची खोली.

मागोमाग चहा-कॉफीची गाडी आली. त्या पोरीनं विचारलं, टी? तेच हसणं, तेच हात. "नो नो, थँक्यू." पोरगी गेली. काकू गाडीकडे बघत राहिल्या, ती वळेपर्यंत.

म्हटलं, अच्छा.

३ फेब्रु., मंगळ.

काकूंशी ओळख.

"कोणतं गाव तुमचं?"

"कऱ्हाड."

"लांब झालं न मग आमच्याहून. इथं काय, नोकरी?"

"शिकतोय."

काकूंनी माझ्या केसांकडे बघितलं. "शिका न. कोण नाही म्हणते."

चहा आणू? "राहू द्या भाऊ, कशाले त्रास." आणतो की, इथंच आहे. "अहो कशाले, आत्ताच पाणी प्याली." अर्धा कप? "बरं, तुम्ही घेणार असाल तर." आणला. दोन्ही हातांत धरून प्यायल्या, तळ दिसेपर्यंत. "साखरेले फार जपतात बाई हे लोक."

दहा वाजता ब्रेंडानं चालायचं विचारलं. नो नो, थँक्यू. नकार.

जेवणाच्या सुट्टीत ब्रेंडाला समजावलं, आमच्याकडे पहिल्याला कुणी हो म्हणत नाही. ते अधाशीपणाचं दिसतं. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा बरं. विचारणाऱ्यानं थांबायचं नसतं. थांबला तर तोच कंजूष. ब्रेंडा सँडविच चावत होती. "डी, इथे बाई नो म्हणाली की नो. ते वाक्य लोकांच्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली, तू ते परत काढू नकोस." तेही खरं.

मग तिनं सांगितलं ते महत्त्वाचं. हे नकार इन्शुरन्सवाले वाचतात. गुरुवारी काकूंची मीटिंग आहे. पेशंट भागच घेत नाही असं दिसलं तर रीहॅब बंद. मुलाच्या घरी झोपायच्या खोल्या वर, जिना चढता येत नाही तोवर घरी पाठवता येणार नाही. मग इमारतीची दुसरी बाजू. तिथे जे राहतात ते राहतात.

४ फेब्रु., बुध.

दुसरी बाजू बघितली. एक व्हीलचेअर पोचवायची होती. दुहेरी दार, पलीकडे तोच गालिचा, तेच दिवे. टीव्ही, माशांची पेटी, खिडकीशी ओळीनं खुर्च्या. एक बाई दुसरीच्या नखांना रंग लावत होती. दोन म्हातारे पत्त्यांवरून भांडत होते. कुणीतरी मला "हाय, डॉक्टर" म्हणालं. मी हात हलवला आणि निघालो. दार मागे आपोआप लागतं.

ब्रेंडाला विचारलं, पेशंटला किती वेळा विचारलेलं चालतं? म्हणाली, विचारायला मर्यादा नाही, हात लावायला आहे. ती चिडली किंवा गप्प झाली की थांबायचं.

तर आज मी विचारलं. ब्रेंडा दारात.

"काकू, खिडकीपर्यंत."

"आज राहू द्या भाऊ."

"आजच. ऊन पडलंय बघा."

"उद्या पाहू न."

"उद्या मीटिंग आहे. आमच्या बाईंना वर उत्तर द्यायचंय. त्या माझ्याकडे बघतायत."

"तुमचं नुकसान होते का काही?"

मी क्षणभर थांबलो. विमानतळावर भाडं सांगायच्या आधी थांबायचो तसा. म्हटलं, "पहिलाच आठवडा आहे काकू. माझं कसं होणार?"

काकूंनी चादर बाजूला केली. "तुमचा शब्द कसा मोडू. चला."

पट्टा बांधला. वॉकर. खिडकीपर्यंत आणि परत. गुडघा थरथरत होता, चेहरा हसरा. बसवल्यावर म्हणाल्या, "झालं न तुमचं काम?"

ब्रेंडा बाहेर येऊन म्हणाली, तू आधी काय विकायचास? म्हटलं, सीट.

५ फेब्रु., गुरु.

मीटिंग झाली. रीहॅब चालू राहणार. आता उद्दिष्ट जिना. जमला तर घर, नाही तर दुसरी बाजू.

सगळा स्टाफ मला क्लोजर म्हणायला लागला, सौदा पटवणारा. चिवट पेशंट असला की डीला पाठवा. एका म्हाताऱ्याला बेसबॉलवर बोलून उठवलं. बेसबॉलमधलं मला काही कळत नाही, पण हरलेल्या टीमचा माणूस चेहऱ्यावरून कळतो.

घरी आल्यावर मुक्ताला सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला. मग वाटलं, तिचं लेक्चर असेल. नव्हतं बहुतेक.

९ फेब्रु., सोम.

काकूंचा मुलगा भेटला. काकू त्याला बापू म्हणतात. बेचाळीसचा असेल, मला काका म्हणाला. केस न रंगवल्याचा परिणाम. आयटीत आहे. गळ्यातलं ओळखपत्र तसंच, लॅपटॉपची बॅग खांद्यावर, पुढच्या मीटिंगच्या आधी धावत आलेला. चांगला मुलगा, रोज सकाळी नऊच्या ठोक्याला डबा घेऊन येतो.

"काका, थँक्यू सो मच. आईला ना थोडं पुश करावं लागतं. आमचं ऐकत नाही ती."

मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, त्या सोशल वर्करनं दुसऱ्या बाजूचा विषय काढला होता. "काका, तुम्हीच सांगा, आईला होममध्ये ठेवायचं? अमरावतीला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का मला?" आवाज फाटला त्याचा जरा. म्हटलं, काळजी करू नको, चढतील त्या.

काकू पलंगावरून आमच्याकडे बघत होत्या. ऐकू गेलं नसावं.

१२ फेब्रु., गुरु.

शेजारच्या पलंगावर हेलन. ब्याऐंशी, गुडघा बदललाय, शिकागोतच जन्म गेला. काकूंना इंग्रजी येतं ते बँकेपुरतं, हेलनला मराठी कुठून येणार. दोघी दिवसभर बोलतात. आज गेलो तर काकू वॉकर धरून हेलनच्या पाठीशी उभ्या, तिच्या पांढऱ्या केसांची वेणी घालतायत. एक हात वॉकरवर, एक वेणीवर. पट्टा नाही. नियमानं ओरडायला हवं होतं. काकू म्हणाल्या, "थांबा भाऊ, पेड सुटंल."

थांबलो. मग पट्टा बांधला. मग पुढची वेणी.

नोंदीत लिहिलं: पेशंट दैनंदिन कामात उभी राहते, तोल चांगला.

हेलन दर वेळी "ब्यूटिफुल?" म्हणून मला विचारते. ब्यूटिफुल म्हणतो.

१५ फेब्रु., रवि.

काही नाही. कपडे धुतले. शैलाच्या कपाटाचं दार नीट लागत नाही. बिजागरीला तेल घातलं. उघडलं नाही, नुसतं तेल.

मुक्ता म्हणाली, "बाबा, यू साउंड बिझी. दॅट्स गुड." गुडच.

दुपारी भात टाकला आणि विसरलो. करपला. वास घरभर. खिडक्या उघडल्या तर थंडी. बंद केल्या तर वास. शेवटी कोट घालून, खिडक्या उघड्या ठेवून, करपलेला भाग सोडून खाल्ला. चवीला वाईट नव्हता. चव होती का, आठवत नाही.

१९ फेब्रु., गुरु.

जिना. जिममध्ये लाकडी पायऱ्या आहेत सरावाच्या, चारच, दोन्हीकडे कठडा.

काकू पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे नको."

म्हटलं, घरी जायचंय ना. "हे राहू द्या भाऊ." मी धरलंय, मागे आहे. "आज पाय जड आहे." एकच पायरी, मग उतरू. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ब्रेंडा म्हणाली, डी. तिचा आवाज थांब म्हणत होता. मी ऐकला. पण मला वाटलं, हिला कुठे माहीत. म्हटलं, "काकू, माझ्यासाठी."

चढल्या. चारही. चांगला पाय पुढे, मग दुसरा, शिकवलं होतं तसं अगदी. वर पोचून कठडा धरून उभ्या राहिल्या. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "झालं तुमच्या मनासारखं?"

हसत म्हणाल्या. सगळे हसले, न कळता.

ब्रेंडानं माझ्या फॉर्मवर लिहिलं, पेशंटशी संवाद उत्तम. कॉलेजात जाईल ते.

२५ फेब्रु., बुध.

तारीख ठरली. ५ मार्च, गुरु., सकाळी दहाला व्हॅन, काकू घरी. मुलानं वरच्या मजल्यावर बाथरूममध्ये कठडे बसवले. फोटो दाखवले. नवी गादी, खिडकीशी आरामखुर्ची, भिंतीवर मोठा टीव्ही, सगळे मराठी चॅनेल. खर्चात कसूर नाही. "आईनं खाली यायचीच गरज नाही, काका. सगळं वर."

काकूंनी फोटो लांब धरून बघितले. "छान आहे. लय केलं रे बापू."

हेलन घरी जाणार नाही. तिचं घर विकायला काढलंय पोरांनी. ती आजच दुसऱ्या बाजूला गेली. तिची खुर्ची मीच ढकलत नेली. काकू दुहेरी दारापर्यंत वॉकरनं चालत आल्या. न विचारता. मी काहीच म्हणालो नव्हतो. हेलननं आत जाताना डोकं मागे करून विचारलं, "यू कम?" काकू म्हणाल्या, "यस यस." दार लागलं.

काकूंना परत खोलीत आणलं. वाटेत मी हवामानावर बोललो.

३ मार्च, मंगळ.

मुलानं होळीच्या पुरणपोळ्या आणल्या होत्या. तो गेल्यावर काकूंनी डबा उघडून माझ्यापुढे धरला.

म्हटलं, काकू, नियम आहे, पेशंटचं खायचं नाही. "एकच." नको, खरंच. "सुनेनं घरी केल्यात, विकतच्या नाहीत." पोट भरलंय. "तूप लावते थोडं. माझ्याकडून घेणार नाही का सणाची?" घेतली. काय करणार. उभ्यानंच खाल्ली, दाराकडे पाठ करून. पुरण बरं होतं, जायफळ जास्त.

काकू बघत होत्या. म्हणाल्या, "पाहा. तुम्हालेही नाही म्हणवलं नाही."

मी तोंड पुसत होतो. हसलो.

"मलेही तसंच झालं, भाऊ."

म्हटलं, कशाचं?

"तुमचा आग्रह होता म्हणून चालली. जिना चढली. मले कुठं चढाचं होतं." डबा बंद केला, झाकण नीट बसलं की नाही ते चारही बाजूंनी दाबून पाहिलं. "बापू चांगला आहे. सूनही. पण सकाळी दार लागते न, ते संध्याकाळीच उघडते. लेकरं शाळेतून येतात, खोलीत जातात. बाराला तो टपालवाला येते. मी त्याले हात करते, तो मले करते. त्या दिवशी जवळून बोलाव म्हणून गेली खाली. तशी पडली."

मुलगा म्हणाला होता, पत्रं आणायला गेल्या होत्या.

"माझी कशाची पत्रं जी." मग म्हणाल्या, "इथं बरं वाटते. कोणी न कोणी दारातून डोकावते. हेलन तिकडं आहे. तिकडं जागा आहे म्हणे."

म्हटलं, काकू, मग सांगितलं का नाही?

"सांगतच होती न. रोज."

पुढच्या पेशंटची वेळ झाली होती. गेलो. त्याचा गुडघा किती वाकतो ते मोजलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. घरी येताना हायवेवर माझं वळण मागे पडलं. पुढच्यानं उतरलो. त्या रस्त्यानं मी इतकी वर्षं लोकांना घरी सोडलंय.

शैला असती तर विचारलं असतं. ती म्हणाली असती, तुला कळत कसं नाही. तिचा आवाज आठवायला बसलो तर वाक्य आठवलं, आवाज आला नाही.

४ मार्च, बुध.

सकाळी ब्रेंडाला सांगितलं, तिनं कोट काढायच्या आधी. सगळं, पोळीसकट.

ती म्हणाली, पोळीचं मी ऐकलं नाही. मग कोट न काढताच बसली. "म्हणजे तिला खरंच नको होतं."

हो.

"आणि तू मला सांगितलंस, तुमच्यात विचारत राहायचं असतं."

चहाला असतं, म्हटलं.

वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, टाळ्या मीही वाजवल्या. मग फोन घेतला. सोशल वर्कर, दुसऱ्या बाजूची नर्स, परत सोशल वर्कर. कळलं ते असं: जागा आहे. काकू शुद्धीत आहेत, आपलं आपण ठरवू शकतात. त्यांनी तोंडानं सांगितलं पाहिजे, मुलाच्या गैरहजेरीत, दुभाष्यामार्फत. मी सांगितलेलं धरता येत नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही तर उद्या दहाला घर.

मला मुलाचा चेहरा दिसत होता. बाथरूममधले कठडे त्यानं स्वतः ड्रिल घेऊन बसवलेत, हाताला पट्टी होती.

मराठी दुभाषी बाई दुपारी फोनवर मिळाली. ब्रेंडा आणि सोशल वर्कर आत. स्पीकरवर पुण्याचा, गोड, स्वच्छ आवाज: "नमस्कार आजी, कशा आहात तुम्ही?" ब्रेंडानं मला बाहेर बोट दाखवलं. दार लागलं.

मी हॉलमध्ये वॉकरच्या पायांची झिजलेली रबरं बदलत बसलो. एक रबर बसेना. तेच करत राहिलो.

बराच वेळ गेला. ब्रेंडा बाहेर आली. हातातला फॉर्म अर्धा कोरा.

"आम्ही विचारलं, घरी जायचंय? ती म्हणाली, जाते की. विचारलं, इथे राहायचंय? ती म्हणाली, राहते की. विचारलं, तुम्हाला काय हवंय. ती म्हणाली, भाऊंना विचारा, त्यांना माहीत आहे. ते म्हणतील तसं." भाऊ हा शब्द तिनं अगदी बरोबर उच्चारला. "तीनदा विचारलं. तू म्हणतोस तसं. तीनदा तेच, आणि हसते. दुभाषी बाई म्हणाली, मी हे वेगळ्या शब्दांत पण विचारून पाहिलं."

मी रबर दाबून बसवलं.

"वेल? भाऊ?"

मला माहीत आहे. पण मी बोललो की ते परत माझंच झालं. काकू उद्या मुलाला सांगतील, भाऊ म्हणाले म्हणून राहिले. किंवा, भाऊ म्हणाले म्हणून आले. दोन्ही सारख्याच हसऱ्या चेहऱ्यानं. आणि बापू माझ्याकडे बघेल.

ब्रेंडाला म्हटलं, फॉर्म आज बंद करू नको.

"व्हॅन दहाला आहे, डी."

म्हटलं, मी आठला येतो.

"येऊन काय करणार?"

बसतो त्यांच्याजवळ. विचारणार काही नाही. उठा म्हणणार नाही, चला म्हणणार नाही. विचारल्याशिवाय बोलतात का बघू या.

"आणि नाही बोलली तर?"

ब्रेंडानं फॉर्म दुमडून खिशात घातला. मला म्हणाली, तू आत एकटा बसणार नाहीस, मी दारात असेन, आणि त्या दुभाषी बाईला आठपासून लाइनवर धरून ठेवते. मग म्हणाली, ते रबर उलटं घातलंयस.

सरळ केलं. घरी आलो. मुक्ताला फोन केला, तिचा यायच्या आधी. तिला म्हटलं, तू कशी आहेस? ती म्हणाली, "फाइन." मी थांबलो. बराच वेळ लाइनवर नुसता बसचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बाबा, आर यू देअर?" आहे म्हटलं. "ओके," म्हणाली. फोन ठेवला नाही तिनं लगेच.

बापू नेहमी नऊला येतो. म्हणजे आठ ते नऊ.